चेहरा पुन्हा रुसला तर?

सकाळी ब्रश करताना गुळणी एका कोपऱ्यातून ओघळते. एक डोळा मिटतच नाही. पहिल्यांदा असं होतं तेव्हा माणूस हादरतो. काही वर्षांनी तेच पुन्हा झालं, की वेगळंच टेन्शन येतं : गेल्या वेळी सुटलो, पण आता?

आपल्याकडे याला ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. डॉक्टरांचं नाव बेल्स पाल्सी. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी फेशियल नर्व्ह सुजते, दबते आणि त्या बाजूचे स्नायू संपावर जातात. शंभरातल्या सहा-सात जणांना हे पुन्हा होतं, कधी त्याच बाजूला, कधी दुसऱ्या.

आधी गुड न्यूज! कोपनहेगनच्या एरिक पायटरसन यांनी १,७०१ पेशंट्सचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. औषधाशिवायही ७१ टक्के पूर्ण बरे झाले. ८५ टक्क्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत हालचाल दिसू लागली. लवकर हालचाल म्हणजे चांगली लक्षणं. ज्यांना तीन-चार महिने वाट पाहावी लागते, त्यांच्यात थोडा वाकडेपणा उरण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या अटॅकनंतरही बरेच जण छान सावरतात.

मात्र ‘मागच्या वेळी आपोआप गेलं होतं’ म्हणत घरी बसू नका. स्कॉटलंडमधल्या २००७ च्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा कपाळावर नीट आठ्या पडत असूनही तोंड वाकडं झालं, तर स्ट्रोक असू शकतो. थेट हॉस्पिटल!

दुसऱ्या वेळी आणखी एक काम वाढतं : कारण शोधणं. शुगर, बीपी तपासा. त्याच बाजूला पुन्हा झालं तर एमआरआयबद्दल नक्की विचारा. क्वचित नसेवर गाठ असते. ओठ वारंवार सुजतात, जिभेवर भेगा आहेत? तेही सांगा. मेल्करसन-रोझेन्थाल नावाच्या दुर्मीळ आजारात हे तिन्ही एकत्र दिसतं.

बरं होईपर्यंत डोळा जपा. दिवसा ड्रॉप्स, रात्री पापणी टेपनं बंद. जोर लावून तोंड वेडंवाकडं करू नका. नस परत वाढताना कधी वायरिंग चुकतं आणि हसलं की डोळाही मिटतो. आरशासमोरचे हळुवार व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ण सुधारला नसेल, तर स्पेशालिस्टना पुन्हा दाखवा.

आणि दिवसातून वीसदा आरसा बघणं बंद! दर रविवारी मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा : भुवया वर, डोळे बंद, मग हसू. रोज न दिसणारी सुधारणा तिथे दिसते, आणि डॉक्टरांनाही तोच व्हिडिओ उपयोगी पडतो.