टांगत्या कुंडींतील शिवसुमन

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घरांना आतां अंगण क्वचितच उरलें आहे. बागेची हौस गॅलरींतच भागवावी लागते. म्हणून जागा न अडवितां खालीं लोंबत वाढणाऱ्या मांसल झाडांना आमच्या घरांत अगत्याचें स्थान मिळालें आहे. चिनी गुलाब, मोत्यांच्या सरीसारख्या पानांची आफ्रिकी वेल, अशीं झाडें मोठ्या हौसेनें आणलीं जातात. परंतु पुष्कळ घरीं तीं पहिल्याच श्रावणांत कुजतात. याचें कारण दुर्लक्ष नसून अतिरिक्त माया होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें पटण्यासाठीं परदेशीं जावयास नको. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरास जाणारा मार्ग सातवाहनकाळापासून व्यापाराचा. त्या मार्गाच्या वरील टोकास, जुन्नरच्या डोंगरकड्यांवर, एक मांसल, लोंबती वनस्पति वाढते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानें 1865 सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून तीस ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें. शिवनेरीवर आढळल्यामुळें तीस शिवसुमन हें गोड नांव पडलें. महाराष्ट्राबाहेर ती रानांत सांपडत नाहीं; महाराष्ट्रांतही मोजक्या कड्यांवरच. पावसाळ्यांत तिला पिवळ्या नक्षीचीं, किरमिजी चांदण्यांसारखीं फुलें येतात.

ती कड्यास लोंबते, यांतच तिच्या संगोपनाचें रहस्य आहे. कड्यावर कितीही पाऊस कोसळला तरी पाणी तेव्हांच वाहून जातें. मुळांशीं भेगेंतील मूठभर मातीच असते. कोरड्या दिवसांत पानें गळतात व जाड खोडें तेवढीं उरतात. 1977 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, तिचीं पानें इतर झाडांप्रमाणें दिवसा कर्बवायु घेतात, पण खोडें तेंच काम रात्रीं करतात. कारण रात्रीं रंध्रें उघडल्यास पाणी कमी उडून जातें. म्हणजे निष्पर्ण झाड मेलेलें नसतें. तें काटकसरीनें जगत असतें. नेमक्या त्याच वेळीं आपण कळवळून तांब्याभर पाणी ओततों, आणि मग तें खरोखरच मरतें!

ठाण्यास वर्षाकाठीं सुमारें 100 इंच पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून कुंडी मातीची व बुडाशीं भोंक असलेली घ्यावी. मातीइतकीच जाड वाळू व विटांचे तुकडे मिसळावेत. कुंडी कोवळ्या उन्हांत, पण पागोळ्यांपासून दूर टांगावी. बोट दोन पेरें खुपसून माती कोरडी लागेल तेव्हांच पाणी द्यावें; पानें गळाल्यावर त्याहूनही कमी. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्यानें पुसावा. नवें रोप करणें असल्यास चार बोटें लांब कांडें कापून, जखम सुकेपर्यंत कांहीं दिवस सावलींत ठेवावें व मग वाळूंत लावावें.

विद्यार्थिमित्रहो, सहलीस गेल्यावर गडावरील शिवसुमन मात्र कोणीं उपटून आणूं नये. कोणी म्हणेल, कुंडींत राखल्यानेंच दुर्मिळ वनस्पति वांचेल. परंतु एकाच खोडापासून केलेलीं शंभर रोपें म्हणजे एकाच रोपाच्या शंभर नकला होत. बियांपासून येणारी विविधता रानांतील रोपांतच टिकते. ज्याला हौस असेल त्यानें रोपवाटिकेंत वाढविलेलें रोप घ्यावें, किंवा स्नेह्याच्या कुंडींतील कांडें मागावें. मागणाऱ्यास आनंदानें द्यावें.

पालकांसही आमची एक विनंति आहे. माया करणें म्हणजे सतत देत राहणें, असा आपला समज असतो. परंतु ज्याच्यावर माया करावयाची त्याची गरज आधीं ओळखणें, व नको तें हात आवरून न देणें, हीही मायाच होय. मुलांच्या हातीं झारी देण्यापूर्वीं त्यांस माती चांचपून पाहण्यास शिकवावें.