घर तेच, कारभारी नवा



समजा, पिंपरी पेंढारला तुमच्या घरी नवा कोरा लॅपटॉप आलाय. पेढे वाटून झाले. ताईने त्यात शाळेचा प्रकल्प लिहिला, आईने आजीचे सगळे फोटो भरले. आणि तुमच्या डोक्यात मात्र किडा वळवळतोय, "यातली विंडोज काढून लिनक्स टाकायची!"

टाका की! पण आधी हे प्रकरण काय आहे ते बघू या.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळ दाबली की पडद्यावर अक्षर आणायचं, कुठली फाइल कुठे ठेवली ते ध्यानात ठेवायचं, प्रिंटरला कामाला लावायचं, ही सगळी उठाठेव त्याची. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. लिनक्सची सुरुवात १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. ती कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी. आपल्या सी-डॅकनेही लिनक्सवरूनच 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली.

"हे काय खेळणं आहे?" असं बाबा म्हणाले, तर त्यांना आपल्याच तालुक्यातल्या खोडदची गोष्ट सांगा. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! त्यांनी पकडलेल्या रेडिओ लहरींचा हिशेब पूर्वी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करायची. २०१० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ते काम लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या संचावर आणलं.

आता आपलं काम. शेतात पीक उभं असताना कोणी नांगर घालतं का? नाही ना! तसंच इथेही. नवी प्रणाली टाकताना डिस्क पुसली, तर त्यावरचं सगळं जातं. म्हणून फोटो आणि प्रकल्प आधी एका पेनड्राइव्हवर उतरवा. तो दुसऱ्या संगणकाला लावून फाइली खरंच उघडतात का, ते पाहा. काही नव्या लॅपटॉपच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. त्याची ४८ अंकी किल्ली वहीत लिहून ठेवा.

मग दुसऱ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स तयार करा आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करा. उबुंटू, मिंट अशा प्रकारांत डिस्कला हात न लावता आधी वापरून बघता येतं. वायफाय लागतं का? आवाज येतो का? मराठी टाइप होतं का? ताईला लागणारा प्रोग्रॅम चालतो का? विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम लिनक्सवर जसेच्या तसे चालतीलच असं नाही. चार दिवस असंच वापरा.

सगळं जमलं, तरच पुढे जा. चार्जर लावा, आई-बाबांना शेजारी बसवा. पडद्यावर प्रश्न येईल, 'विंडोजच्या शेजारी टाकू की पूर्ण डिस्क पुसू?' इथे घाई नको. मोठ्याने वाचा, सगळ्यांना कळलं की मगच बटण दाबा. पहिल्यांदाच करत असाल, तर दोन्ही कारभारी शेजारी शेजारी नांदू देत.

एक लक्षात ठेवा हं. बिघडलेली प्रणाली दहादा परत टाकता येते, पण पुसला गेलेला आजीचा फोटो परत आणणं फार अवघड!

मग, पहिला पेनड्राइव्ह भरायला कधी घेताय?