घसारा आणि गहिवर

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये गेले दोन आठवडे एका मोटारीवरून वाद चालू आहे. मोटार आमच्यापैकी कोणाचीच नाही. ती न्यू जर्सीत, माझ्या मामेभावाच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये कापडी आच्छादनाखाली उभी आहे. १९८७ सालची पोर्शे ९४४. दादाने ती १९९७ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तो तिशीत होता. अलीकडे त्याच्या मेकॅनिकने कामांची यादी हातात ठेवली : टायमिंग बेल्ट, बॅलन्स शाफ्टचा बेल्ट, पाण्याचा पंप, क्लच, इंधनाच्या नळ्या, चार टायर. एकूण ६,८०० डॉलर. आहे त्या स्थितीत गाडी विकली तर फार तर साडेसहा हजार येतील, हेही त्यानेच सांगितले. दादाने ती यादी मला धाडली आणि खाली लिहिले, ‘तू शिकवतेस ना मूल्यविचार वगैरे? मग सांग, काय करू?’

त्याला बहुधा सल्ल्यापेक्षा संमती हवी होती. पण यादी मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवण्याची चूक केली. वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्यांनी चहा संपायच्या आत निकाल दिला : दुरुस्ती किमतीहून महाग आहे, प्रश्न मिटला, काढून टाका. आमच्या विभागात यावर जो संताप उसळला तो परिचित होता. सगळ्याच गोष्टींची किंमत करायची का? काही गोष्टींना मूल्य असते! अठ्ठावीस वर्षांची सोबत डॉलरमध्ये मोजणार का?

या दोन्ही भूमिका मला सारख्याच आळशी वाटतात. त्यातली दुसरी आपली, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांची, असल्यामुळे तिच्याविषयी अधिक कठोर बोलणे भाग आहे. पण आधी पहिलीचा हिशोब तिच्याच वहीत तपासू.

‘दुरुस्ती किमतीपेक्षा जास्त झाली की गाडी सोडा’ हा नियम व्यवहारज्ञान म्हणून सांगितला जातो. मुळात तो विमा व्यवसायाचा नियम आहे. आपल्याकडे पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा जो आकडा असतो, त्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक दुरुस्तीला लागणार असतील तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. अमेरिकेत हे प्रमाण राज्याराज्यांत वेगळे आहे, तत्त्व तेच. विमा कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण तिची जबाबदारी बाजारभावापुरती असते. तिला ती गाडी चालवायची नसते. ज्याला चालवायची आहे त्याने हा नियम उसना का घ्यावा, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्याहून मोठी गफलत पुढे आहे. साडेसहा हजार हा आकडा आला कुठून? बेल्ट जुना आहे, क्लच संपत आला आहे, नळ्या कडक झाल्या आहेत, हे घेणाऱ्याला दिसते म्हणून तो आकडा खाली आला. म्हणजे राहिलेल्या कामांची वजावट त्या किमतीत एकदा होऊन गेली आहे. आता तीच खाली आलेली किंमत पुढे करून ‘एवढ्या किमतीच्या गाडीवर एवढा खर्च कशाला?’ असे विचारणे म्हणजे एकच रक्कम दोनदा वजा करणे होय. सगळी कामे पावत्यांसह झालेली अशीच गाडी बारा हजारांच्या आसपास जाते, असे त्याच मेकॅनिकचे म्हणणे आहे. म्हणजे ६,८०० घालून किंमत साडेपाच हजारांनी वाढते. खरा तोटा तेराशे डॉलरचा. वाणिज्य विभागाच्या फळ्यावर मी हे लिहून दाखवले तेव्हा थोडा वेळ शांतता होती, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

९४४ हे या चुकीच्या हिशोबाचे ठळक उदाहरण आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. १९८२ ते १९९१ या काळात अशा सुमारे १,६३,००० गाड्या तयार झाल्या. बहुतेक साऱ्या पोर्शेच्या स्वतःच्या कारखान्यात नव्हे, तर नेकार्सुल्मच्या आउडीच्या कारखान्यात. पुढे अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांपाशी गिअरबॉक्स आणि दोहोंना जोडणारी लांब नळी अशी तिची रचना. त्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ सारखे वाटले जाते आणि वळणावर गाडी अतिशय स्थिर राहते. त्याच रचनेमुळे क्लच बदलायचा तर मागचा गिअरबॉक्स उतरवून मधली नळी मागे सरकवावी लागते. क्लच प्लेट स्वस्त असो वा महाग, मजुरी चुकत नाही. टायमिंग बेल्टची गोष्ट याहून बिकट. हा दातेरी पट्टा चालू इंजिनात तुटला किंवा त्याचे दात गेले, तर व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतो. काही डॉलरचा पट्टा वेळेवर न बदलल्याबद्दल इंजिनाचा वरचा भाग उघडावा लागतो. पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून तो सोबत बदलतात.

अशी गाडी पंधरा-वीस वर्षांची होऊन काही हजार डॉलरांत मिळू लागली, तेव्हा ती ज्यांच्या हाती गेली त्यांना गाडी परवडत होती. तिचा पट्टा परवडत नव्हता. गाडीची किंमत जुन्या मोटारीची झाली, सुट्या भागांची किंमत पोर्शेचीच राहिली. पट्टे तुटले, व्हॉल्व्ह वाकले, आणि मालकांनी तोच सोपा हिशोब केला : दुरुस्ती किमतीपेक्षा जास्त. गाड्या सुट्या करून विकल्या गेल्या. दरवाजे एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला, उरलेला सांगाडा भंगारात. तोही जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, सहजी न गंजणारा सांगाडा! मग संख्या घटली आणि भाव चढले. आज जे या गाडीचे चाहते म्हणवतात, त्यांच्यातले कित्येक त्या वेळी विकून मोकळे झालेल्यांपैकी असतील.

दादाचा मुलगा म्हणतो, त्यापेक्षा नवी माझ्दा एमएक्स-५ घ्या. दोन माणसांची, उघड्या टपाची, विश्वासार्ह. तीस हजार डॉलरच्या घरात येते. मुलगा शहाणा आहे आणि ती गाडी उत्तम आहे याबद्दल वाद नाही. पण नव्या गाडीतून पहिल्या दोन-तीन वर्षांत जे काही हजार डॉलर उडून जातात, त्यांचे बिल कोणी हातात देत नाही. वाणिज्याच्या पुस्तकात त्याला घसारा म्हणतात. दुरुस्तीचे बिल काळ्या तेलाचे बोट उमटलेल्या कागदावर येते म्हणून ते बोचते. घसारा निःशब्द असतो म्हणून तो खर्चच वाटत नाही. मध्यमवर्गीय घरात ‘या गाडीने खाल्ले’ असे म्हणतात ते नेहमी जुन्या गाडीबद्दल. नवी गाडी कितीतरी अधिक खाते, पण तोंड मिटून.

एवढे लिहिल्यावर माझ्या विभागातल्या मैत्रिणींना वाटले की मी त्यांच्या बाजूची आहे. मी त्यांच्या बाजूची नाही.

दादा दर रविवारी सकाळी आच्छादन काढतो, गाडी दहा मिनिटे जागेवरच सुरू ठेवतो, पुन्हा आच्छादन घालतो. ‘तिच्यात जीव राहावा म्हणून,’ असे तो म्हणतो. मेलमधले हे वाक्य वाचून आमच्याकडे दोघींचे डोळे पाणावले. आता या दहा मिनिटांत प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. इतक्या थोड्या वेळात तेल पुरेसे तापत नाही. ज्वलनातून निर्माण झालेली वाफ बाहेर पडण्याऐवजी तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते, आणि आतून गंज धरते. शिवाय टायमिंग बेल्ट शेवटचा बदलला २०१४ मध्ये. मैल असोत वा नसोत, त्यातले रबर कॅलेंडरप्रमाणे म्हातारे होते. या इंजिनाचा पट्टा चार-पाच वर्षांनी बदलावा असा जाणत्यांचा रिवाज आहे. म्हणजे दादा दर रविवारी अकरा वर्षे जुना पट्टा फिरवून पाहतो, की आज तुटतो का. इंधनाच्या नळ्या चिरल्या असतील तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकून आग लागण्याचा धोका निराळाच, आणि गॅरेज घराला लागून आहे. हे प्रेम म्हणायचे असेल तर अवश्य म्हणा. गाडीच्या बाजूने पाहिले तर ही दर आठवड्याची इजा आहे.

आणि इथे मला आपल्याच घरातले बोलायचे आहे. जुन्या वस्तूंवरचा ललितलेख हा आपल्या वाङ्मयाचा एक लाडका प्रकार आहे. वडिलांची सायकल, आजीचे जाते, वाड्यातला झोपाळा. दरवर्षी प्रथम वर्षाचे विद्यार्थी ‘आठवणीतली वस्तू’ या विषयावर लिहितात, आणि आपण त्यांना शाबासकी देतो, कारण आपणही तेच लिहीत आलो आहोत. या लेखांतून सायकलची चेन कधी कोणी रॉकेलने धुतलेली आठवते का? झोपाळ्याच्या कड्यांना कोणी तेल दिले? वस्तू नेहमी कोपऱ्यात, नेहमी धूळ बसलेली, आणि लेखक नेहमी दारात उभा राहून गहिवरलेला. धूळ पुसली तर लेख होणार नाही, अशी जणू अट असते. या लेखनाने ‘मूल्य’ हा शब्द इतका सैल करून ठेवला आहे की देखभाल न करण्याला ते एक प्रतिष्ठित नाव मिळाले आहे. किंमत करणारा निदान एक बिल तरी वाचतो; मूल्य मानणारा बिल वाचायला नकार देतो आणि त्या नकाराला संवेदनशीलता म्हणतो.

कायदासुद्धा कधी कधी याच गहिवराच्या बाजूने उभा राहतो. आपल्याकडे २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी वेगळ्या नोंदणीने ठेवता येते. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मोठ्या संग्राहकांसाठी हे ठीक असेल. पण त्यातली कल्पना पाहा : जपायची तर चालवायची नाही. रबर, तेल आणि धातू यांची घडण नेमकी उलटी आहे. ऑइल सील तेलात भिजत राहिले तर मऊ राहते, ब्रेक वापरले तर अडकत नाहीत, बॅटरी चालण्याने भरते.

म्हणून दादाच्या प्रश्नात विचारायची गोष्ट एकच होती, आणि ती यादीत नव्हती : गेल्या वर्षी गाडी किती चालली? मी मेल करून विचारले. उत्तर दोन दिवसांनी आले, हेच पुरेसे बोलके होते. १८० मैल. विमा, तेल, पुढच्या बेल्टसाठी दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम, टायरची झीज हे सगळे धरून वर्षाला अठराशे डॉलर लागतात असे त्याच्या जुन्या पावत्यांवरून दिसते. मैलाला दहा डॉलर. हीच गाडी वर्षाला तीन हजार मैल चालली तर, पेट्रोल सोडून, मैलाला साठ सेंट. खर्च जवळजवळ तोच, कारण या वयाच्या गाडीचा बहुतेक खर्च मैलांचा नसून वर्षांचा असतो. जो चालवत नाही तो पैसे वाचवत नाही. तो पूर्ण भाडे भरून घर बंद ठेवतो.

दादाला मी लांबलचक लिहिले. त्याचा गुडघा दुखतो आणि ९४४चा क्लच जड आहे, हे मला ठाऊक आहे. वहिनींनी दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते, त्याने अजून सांगितलेले नाही. पहिल्या नोकरीतल्या बचतीतून घेतलेली ती गाडी आहे, आणि मामा अमेरिकेत एकदाच गेले तेव्हा ते तिच्यात बसून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन आले होते, हेही ठाऊक आहे. मी त्यातले काही नाकारत नाही. पण मामा गाडीत बसले होते तेव्हा गाडी चालत होती.

‘हिवाळा संपायच्या आत बेल्ट, पंप आणि नळ्या करून घे,’ असे मी लिहिले. ‘क्लच आत्ता कर अथवा पुढच्या वर्षी. आणि एप्रिलपासून दर शनिवारी निदान तासभर तिला हमरस्त्यावर ने. गुडघ्यामुळे ते होणार नसेल तर तसे स्पष्ट म्हण, आणि बेल्ट जुना आहे हे सांगून, चालवणाऱ्या माणसाला ती अखंड विक. दोन हजार कमी आले तरी चालेल. सुटी करून विकणाऱ्याला देऊ नकोस. माझी संमती या दोहोंपैकी कशालाही आहे. रविवारच्या दहा मिनिटांना नाही.’

वाणिज्य विभागाने यावर असे म्हटले की दोन हजार कमी घ्यायला सांगणे हा पुन्हा गहिवरच झाला. असेल. त्याचा हिशोब मी देऊ शकते, एवढाच फरक.

दादाने अजून उत्तर दिलेले नाही. वहिनींनी कळवले आहे की गेल्या रविवारी तो नेहमीच्या वेळी गॅरेजमध्ये गेला, थोडा वेळ आत होता, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. नंतर त्याने मेकॅनिकला फोन करून फेब्रुवारीतल्या तारखा विचारल्या. कशासाठी, ते त्याने त्यांना सांगितलेले नाही.