नोंदवहीबाहेरचा गुटखा

महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांच्या निर्मितीवर, साठवणुकीवर, वाहतुकीवर आणि विक्रीवर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या तिसाव्या कलमान्वये अशी बंदी एका वेळी एकाच वर्षापुरती घालता येते. म्हणून दरवर्षी नवी अधिसूचना काढून ती लांबविली जाते. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि वऱ्हाडच्या परिचयाचा खर्रा यांनाही तिने आपल्या कक्षेत घेतले. इतके सारे होऊनही अमरावती आणि अकोल्याच्या पानठेल्यांवर पुडी मिळते. तिच्यावर छापलेल्या किमतीहून अधिक दाम मोजावे लागतात, एवढाच काय तो बंदीचा परिणाम गिऱ्हाइकाला जाणवतो.

माल पकडला जात नाही असे नाही. टेम्पो अडविला जातो, पंचनामा होतो, चालकाला अटक होते आणि पोत्यांचा ढीग जाळून वा पुरून नष्ट केला जातो. या मालाबद्दल अन्नसुरक्षा कायद्याबरोबरच तेव्हाच्या भारतीय दंड विधानाखालीही खटला भरता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्राच्याच प्रकरणात दिला, तेव्हा पोलिसांचे हात बांधलेले आहेत ही सबबही त्या वेळी उरली नव्हती. तरीही खटल्यात सापडतो तो बहुधा ठेलेवाला किंवा गाडीचा चालक. पुडीवर कारखान्याचे नाव ठसठशीत असते; परंतु ही नेमकी पुडी कारखान्याने कोणाला, केव्हा विकली हे सांगणारे काहीही तिच्यावर नसते. कारखानदार म्हणतो, आमचा माल जेथे कायदेशीर आहे तेथे आम्ही विकला. पुढे तो कोणी कोठे नेला, आम्हांस ठाऊक नाही. या उत्तराला तपासणी अधिकाऱ्यापाशी प्रत्युत्तर नसते.

नोंदणीची कल्पना या व्यापाराला नवी नाही. १९४३ साली तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर बसला, तेव्हा शेतातून उतरलेल्या पानापासूनच सरकारी नोंद सुरू होई. पीक घेणारा, पान सुकविणारा, वखारवाला, व्यापारी या साऱ्यांच्या मागे वही लागलेली असे. त्या पद्धतीत जाच होता आणि तो बव्हंशी लहान शेतकऱ्याच्या वाट्याला येई. १९७९ च्या अर्थसंकल्पाने कच्च्या तंबाखूवरचा तो कर काढून टाकला हे योग्यच झाले. मात्र पान कोठून कोठे गेले हे सांगणारा कागदही त्याबरोबर गेला. पुढच्याच दशकात चिमुकल्या पुडीने देश व्यापावा, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता नोंद पुन्हा येत आहे, ती शेतात नव्हे, यंत्रावर. पानमसाला आणि तंबाखूच्या कारखानदारांनी पुड्या भरणाऱ्या प्रत्येक यंत्राची माहिती वस्तू व सेवा कर खात्याकडे नोंदविली पाहिजे, असा नियम २०२४ साली झाला. न नोंदविलेल्या दर यंत्रामागे एक लाख रुपये दंड ठरला. २०२५ च्या वित्त कायद्याने त्यापुढे जाऊन मालावर वेगळी ओळखखूण उमटवून त्याचा माग काढण्याची तरतूद केली. ती कोणत्या मालाला लावायची हे मात्र सरकारने अधिसूचनेने ठरवावयाचे आहे. तंबाखूच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात भारत २०१८ साली सामील झाला, त्यातही हीच अपेक्षा आहे. तो करारनामा आधी सिगारेटला हात घालतो. महाराष्ट्रात ती फार थोडी बाब आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करीत, तर धूर न होणारी तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते.

खरी अडचण यापुढेच आहे. कर खात्याची वही एकच प्रश्न विचारते : कर भरला की नाही? भरला असेल तर त्या खात्याच्या लेखी माल निर्मळ झाला. तो अचलपूरला खाल्ला गेला की बैतूलला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अन्न व औषध प्रशासनाला नेमके तेवढेच कर्तव्य आहे, पण वही त्याच्या हाती नाही. मध्य प्रदेशाने गुटख्यावरील बंदी महाराष्ट्राच्याही आधी, एप्रिल २०१२ मध्ये घातली. परंतु तंबाखू नसलेला पानमसाला आणि निराळ्या पुडीतला जर्दा तेथे विकता येतो, आणि दोन पुड्या तोंडात एकत्र झाल्या की गुटखा होतो. परतवाडा–बैतूल, वरूड–मुलताई, धारणी–खंडवा असे रस्ते नकाशावर पाहिले म्हणजे वऱ्हाडच्या बंदीला उत्तरेकडून किती दारे आहेत ते कळते. सीमेच्या एका बाजूस कर भरलेला व्यापारी माल, तो दुसऱ्या बाजूस गुन्ह्याचा मुद्देमाल ठरतो.

ब्राझीलचा अनुभव येथे उद्बोधक आहे. या शतकाच्या पहिल्या दशकातच त्या देशाने सिगारेटच्या पाकिटावर सांकेतिक खूण आणली आणि देशातले कारखाने वहीत आले. शेजारच्या पराग्वेची सिगारेट मात्र चोरवाटेने येतच राहिली, कारण ती त्या वहीत नव्हतीच. महाराष्ट्राने एकट्याने केलेल्या नोंदणीची गत याहून वेगळी होणार नाही. किंबहुना ज्या मालावर बंदी आहे त्याची नोंद महाराष्ट्र करणार तरी कशी? ती करावयाची तर जेथे यंत्र फिरते तेथेच.

त्यासाठी अवाढव्य यंत्रणा उभारण्याची गरज नाही. काही रुपयांच्या पुडीवर स्वतंत्र क्रमांक छापण्याचा हट्ट धरला तर योजना खर्चाखालीच बुडेल. पुडीवर यंत्राचा क्रमांक आणि खोक्यावर स्वतंत्र खूण पुरेशी आहे. पोती बदलली तरी पुडी यंत्राचे नाव सांगेल. अकोल्यात खोके सापडले की ते कोणत्या ठोक व्यापाऱ्याच्या नावे निघाले हे अन्न व औषध प्रशासनाला त्याच दिवशी पाहता आले पाहिजे. आज कर खात्याच्या कागदांतही बरेच दडलेले असणार. सीमेलगतच्या एखाद्या लहान गावातील व्यापारी गावाची सारी तोंडे मिळूनही संपणार नाही इतका माल उचलत असेल, तर तो कोठे जातो हे विचारायला नवा कायदा लागत नाही. विचारणारा कोणी लागतो, आणि ते काम दोन राज्यांच्या आयुक्तांनी एकत्र बसल्यावाचून व्हायचे नाही.

खर्ऱ्याला मात्र ही जाळी अपुरी पडेल. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून गिऱ्हाइकासमोरच तो तयार होतो. त्याला ना कारखाना, ना वेष्टन. तेवढे खरे असले तरी त्यात पडणारी सुगंधित तंबाखू कारखान्यातूनच डब्यात वा पाकिटात येते आणि तिच्यावर खूण उमटविता येते. सिगारेटखेरीज इतर तंबाखूजन्य मालासाठी करारनाम्याने दिलेली दहा वर्षांची मुदत सप्टेंबर २०२८ मध्ये संपते. तंबाखू नसलेल्या पानमसाल्याला तर तो करारनामा लागूच नाही. त्याच्यावर खूण घालावयाची की नाही हे सर्वस्वी वस्तू व सेवा कर परिषदेच्या हाती आहे, आणि त्या परिषदेत महाराष्ट्राला मत आहे.