रेडी रेकनर म्हणजे घराचा भाव नव्हे



जुना फ्लॅट घेताना रेडी रेकनर पाहिला की पुरे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. तो दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने विभागवार ठरवलेला असतो. आपण पाहत असलेल्या इमारतीतले फ्लॅट कधी, कितीला विकले गेले, हे नोंदणीकृत व्यवहारांची सूची क्रमांक २ सांगते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, नोंदणीची तारीख सारे तीत असते. तीन-चार व्यवहार शेजारी मांडले, की विक्रेत्याच्या ‘चालू भावा’तले पाणी कळते. काही रक्कम रोखीने दिली जाते, म्हणून या नोंदी फसव्या, हा आक्षेप अर्धाच खरा. आकडा दडवला तरी तारखा लपत नाहीत. शिवाय गृहकर्ज हवे असलेल्याला करारातली किंमत फार पाडून चालत नाही. तेव्हा बयाणा देण्याआधी हा शोध घ्यावाच.

— एक वाचक, पुणे