पन्नास-पन्नास कुणी मोजलं?

टायरच्या दुकानात हल्ली '70-30', '50-50' असे आकडे छातीठोकपणे सांगितले जातात. सत्तर टक्के डांबर, तीस टक्के माती. हिमालयन किंवा एक्सपल्ससारख्या मोटारसायकलचा मालक ते ऐकतो, मान डोलावतो आणि पैसे मोजतो. हे मोजलं कुणी? कुठल्या डांबरावर, ओल्या की कोरड्या, किती वेगात, किती वजन लादून? उत्तर मिळत नाही, कारण हा आकडा ठरवणारी सर्वमान्य चाचणीच नाही. विकणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने सांगितलेली ही गोष्ट आहे आणि तिच्या भरवशावर माणसं ओल्या घाटात गाडी झुकवतात.

कार, बस आणि ट्रकच्या टायरांसाठी केंद्र सरकारने जून 2022 मध्ये अधिसूचना काढली. ओल्या रस्त्यावरची पकड किती हवी, याची चाचणी त्यांना लागू झाली. मोटारसायकलचा टायर त्या यादीत नाही. आणि त्याच 2022 साली देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे 44 टक्के माणसं दुचाकीवरची होती. ज्याच्या अंगाभोवती पत्रा नाही, ज्याचा जमिनीशी संबंध तळहाताएवढ्या दोन जागांपुरता, त्याच्याच टायरची ओल्यातली पकड विकत घेताना कळू नये, याचा मला संताप येतो. कंपन्यांनाही ते सोयीचंच आहे. मोजलंच नाही तर जाब कोण विचारणार?

बटन टायरशी, म्हणजे सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीच्या टायरशी, माझं वैर नाही. भुसभुशीत मातीत, वाळूत, सुट्या खडीत त्याचे ठोकळे रुततात आणि गाडी पुढे काढतात. तिथे त्याला तोड नाही. पण डांबरावर टेकतात ती फक्त ठोकळ्यांची डोकी, मधली जागा रिकामी. जोरात ब्रेक दाबला की ठोकळे वाकतात. वळणात गाडी झुकली की मधले सुटून कडेचे टेकतात आणि त्या क्षणी हँडल हातात हलतं. जुलैत ताम्हिणी घाटात शेवाळलेल्या, पाणी वाहणाऱ्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, ते गुळगुळीत शब्दांत सांगण्यासारखं नाही: पुढचं चाक निसटतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. एबीएस चाक अडकू देत नाही, एवढंच. नसलेली पकड ते कुठून आणणार? तरीही पुण्या-मुंबईतले पोरगे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बटन टायर चढवतात. वर्षभर ऑफिसला जायचं डांबरावरून, महिन्यातून एखाद्या रविवारी गडाच्या पायथ्याची दोन-चार किलोमीटर कच्ची वाट. फोटोत गाडी रांगडी दिसते, म्हणून घेतलेला हा टायर आहे. मागे बायको बसलेली असते, कधी लहान मूल, याचं भान कुणाला?

आणि ज्या मातीसाठी म्हणून घेतला, ती तरी कुठली? कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर ठोकळे कामाला येतील. मराठवाड्यातल्या पाणंदीत पाऊस पडून गेल्यावर शिरून दाखवा. काळी माती ठोकळ्यांमधल्या फटी पाहता पाहता बुजवते, टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो, चिखल मडगार्डखाली कोंबला जातो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने माती उकरत बसायचं. 'ऑफरोड' असं मोघम बोलणाऱ्याने ही माती पाहिलेली नसते.

टायरवर खरी माहिती छापलेली असते, ती कुणी वाचत नाही. चार आकडी शिक्का असतो: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वर्षानुवर्षं गोदामात कडक झालेलं रबर 'नवीन' म्हणून गळ्यात मारलं जातं आणि गिऱ्हाईक नक्षी पाहत उभं असतं. भाराचा आकडा असतो: 57 म्हणजे 230 किलो, 66 म्हणजे 300. दोन माणसं आणि सामानाच्या तीन पेट्या भरून निघणाऱ्याने हा आकडा पाहायचा नाही तर कुणी? फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानाने माझा पुढचा टायर बाणाच्या उलट बसवला आणि दाखवून दिल्यावर "काही फरक पडत नाही साहेब" असं सांगितलं. पडतो. ब्रेकचा ताण कोणत्या बाजूने येणार आणि पाणी कुठून बाहेर पडणार, हे धरूनच तो बाण छापलेला असतो.

लडाखला जाणाऱ्यांच्या कानात दरवर्षी भरवलं जातं की वर हवा विरळ, टायर फुटतील, आधीच हवा सोडा. पाच हजार मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो, त्यामुळे टायरमधला दाब मोजला तर सहा-सात पीएसआय जास्त भरतो. थंडीने त्यातला बराचसा उतरतोही. तेवढ्याने धड टायर फुटत नाही. फुटते ती हवा सोडून दगडावर आदळलेली ट्यूब. रिम आणि दगडाच्या मध्ये ती चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात.

आता खरी लाजिरवाणी बाब. बहुतेक आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असते, कारण आऱ्यांची टोकं रिममध्ये आरपार जातात आणि तिथून हवा निसटते. बाहेरून प्लग ठोकून निघता येत नाही. चाक उतरवावंच लागतं. ते ज्याला येत नाही तो दुर्गम रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर फिरतो. आणि अवघड काय आहे त्यात? लिव्हर लावलाय त्याच्या बरोबर समोरची टायरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, की इकडे ढिलाई मिळते आणि कड हलक्या हाताने वर येते. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची कड खोबणीतून वर आलेली आहे. तसंच रेटलं तर नवी ट्यूब लिव्हरखाली कापली जाते. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून खिळा किंवा काटा शोधायचा. बसवताना व्हॉल्व्हपासून दूर सुरुवात करायची, व्हॉल्व्हपाशी संपवायचं, आणि व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब कडेखाली सापडली नाही ना ते पाहायचं. जवळ ट्यूब एकच नेणार असाल तर 21 इंची पुढची न्या. ती अडीअडचणीला मागच्या 17 किंवा 18 इंची चाकात दुमडून चालवून नेता येते. मागची पुढे बसत नाही.

माणशी हजारो रुपये घेऊन स्पितीच्या सहली काढणाऱ्यांनी निघण्याआधी प्रत्येकाकडून पार्किंगमध्ये पुढचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून घ्यावं. ज्याला जमणार नाही त्याचे पैसे परत करावेत आणि त्याला घरी पाठवावं.