परराष्ट्र खात्यास प्रश्न कोणीं विचारावा ?

गांवचा रस्ता उखडला, शाळेचें छप्पर गळूं लागलें, किंवा विहिरीचें पाणी आटलें, तर जाब कोणास विचारावयाचा हें आपणां सर्वांस ठाऊक असतें. परंतु दिल्लीच्या परराष्ट्र खात्यानें कोणत्या राष्ट्राशीं काय बोलणें केलें, कोणत्या करारावर सही केली व कोणती गोष्ट मनांत ठेविली, हा प्रश्न निघाला कीं तो थोरामोठ्यांचा विषय आहे असें समजून आपण वर्तमानपत्राचें पान उलटतों. हें खातें जाणत्या लोकांच्या हातीं आहे, त्यांस आपण काय विचारणार, अशी ही वृत्ति आहे. ती विनयाची दिसते खरी, पण माझ्या मतें ती घातक आहे. ज्या खात्याच्या एका चुकीनें सीमेवर माणसें मरतात, त्याला लोकांच्या प्रतिनिधींनीं इतर खात्यांहून अधिक बारकाईनें आणि मुख्यत: वेळेवर प्रश्न विचारले पाहिजेत.

हें खातें आपल्यापासून दूर आहे असें कोंकणांतील आईबापांनीं तरी म्हणूं नये. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील किती तरी घरांची चूल आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर पेटते. १९९० सालीं इराकनें कुवेत गिळलें, तेव्हां तेथें अडकलेले लाखाहून अधिक हिंदी लोक विमानांनीं मुंबईस आणावे लागले. त्या वेळीं अम्मान व बगदाद येथील आपल्या वकिलाती हेंच त्यांचें सरकार होतें. परदेशीं मालकानें मजुराचा पासपोर्ट अडकवून ठेविला, किंवा एखादा खलाशी परक्या बंदरांत तुरुंगांत पडला, तर धांव घ्यावयाची तीही तेथेंच. अशा वकिलातींत माणसें पुरेशीं आहेत कीं नाहींत, हें कोणी तरी तपासावयास नको काय ?

आतां न विचारलेल्या व न सांगितलेल्या एका गोष्टीची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों. कारण माझें म्हणणें तिच्यावर उभें आहे. लडाखच्या ईशान्येस अक्साई चीन नांवाचें उंच व ओसाड पठार आहे. त्यावरून सिंक्यांग व तिबेट यांस जोडणारा रस्ता चीननें बांधला आणि तो पुरा झाल्याचें १९५७ च्या शरदृतूंत चिनी वर्तमानपत्रांनींच छापलें. पेकिंग येथील आपल्या वकिलातीनें तें वाचून दिल्लीस कळविलें. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यांत आपल्या दोन टेहळणी तुकड्या तिकडे पाठविण्यांत आल्या. त्यांपैकीं एक चिनी सैनिकांनीं पकडली. तारीख १८ ऑक्टोबर १९५८ रोजीं आपल्या सरकारनें चीनकडे निषेधाचा खलिता धाडला. हें सर्व घडलें. परंतु लोकसभेस त्याचा पत्ता नव्हता. तो रस्ता आपल्या भूमीवरून गेला आहे, ही गोष्ट पंडित नेहरूंनीं सभागृहास सांगितली ती २८ ऑगस्ट १९५९ रोजीं, म्हणजे रस्ता पुरा झाल्यावर जवळ जवळ दोन वर्षांनीं. तीही सीमेवर लोंग्जू येथें गोळीबार होऊन गेल्यावर !

नेहरूंच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. बोलण्यानें प्रश्न मिटेल, गाजावाजा केल्यास चिघळेल, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटत असावें. शिवाय १९४७ पासून १९६४ पर्यंत पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री हीं दोन्ही पदें त्यांच्याच ठिकाणीं होतीं, व त्या विषयांत त्यांच्या तोडीचा माणूस सभागृहांत विरळा. परंतु येथेंच खरी मेख आहे. एका माणसाचा व्यासंग जेवढा मोठा, तेवढी इतरांची विचारण्याची हिंमत लहान होते. गुपित फुटल्यावर लोकमत एकाएकीं असें खवळलें कीं सरकारनें ७ सप्टेंबर १९५९ रोजीं चीनशीं झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपानें सभागृहापुढें मांडला. त्यानंतर प्रत्येक खलिता छापून निघूं लागला व प्रत्येक शब्दावर वाद होऊं लागला. १९६० च्या एप्रिलांत चौ एन लाय दिल्लीस आले, तोंवर देवघेवीस फारशी जागाच उरली नव्हती. बोलणीं सुलभ व्हावीं म्हणून जें गुप्त ठेविलें, त्यानेंच बोलणीं अवघड केलीं. १९५७ सालींच चार जबाबदार सभासदांस विश्वासांत घेतलें असतें, तर युद्ध टळलेंच असतें असें मी म्हणत नाहीं; पण आपले सैनिक अपुऱ्या कपड्यांनिशीं त्या बर्फांत कां उभे आहेत, हा प्रश्न १९६२ पूर्वीं कोणी तरी विचारला असता.

त्या काळांतली एक आख्यायिका अजून सांगतात. अक्साई चीनमध्यें गवताचें पातेंही उगवत नाहीं, असें नेहरू म्हणाले. तेव्हां त्यांच्याच पक्षाचे महावीर त्यागी यांनीं आपल्या टक्कल पडलेल्या डोक्याकडे बोट दाखवून, येथेंही कांहीं उगवत नाहीं, मग हेंही देऊन टाकावयाचें काय, असा सवाल केला. विनोदाचा भाग सोडला तरी स्वपक्षाच्या पुढाऱ्यास, आणि तोही एवढा थोर, भर सभेंत असें विचारतां येत होतें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. वेंगुर्ल्याचे सुपुत्र व राजापूरचे लोकसभासद बॅरिस्टर नाथ पै यांचीं परराष्ट्रविषयक भाषणें विरोधी बांकावरून होत. परंतु तीं ऐकावयास सभागृह भरत असे.

प्रत्यक्ष युद्ध चालूं असतांही तें सभागृह मिटलें नाहीं. विरोधी सभासदांच्या मागणीवरून हिवाळी अधिवेशन अलीकडे आणून ८ नोव्हेंबर १९६२ रोजीं भरविलें गेलें व कित्येक दिवस चर्चा झाली. याच्या शेजारीं २०२० सालची गोष्ट ठेवून पाहावी. १५ जूनच्या रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत आपले २० जवान धारातीर्थीं पडले. सप्टेंबरांत अधिवेशन भरलें तें साथीचें कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळून. १५ सप्टेंबर रोजीं संरक्षणमंत्र्यांनीं लोकसभेंत निवेदन केलें, परंतु त्यावर चर्चा होऊं दिली नाहीं. एका पक्षाच्या सरकारनें दोन वर्षें लपविलें, दुसऱ्या पक्षाच्या सरकारनें चर्चा टाळली. तेव्हां हा दोष कोणा एका पक्षाचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, व तो पोकळ नाहीं. बाजारांत भाव ठरवितांना आपली शेवटची रक्कम कोणी ओरडून सांगत नाहीं. तसेंच तहाच्या बोलण्यांत मनांतलें सारें चव्हाट्यावर मांडतां येत नाहीं. हें मान्य. परंतु शत्रूपासून लपविणें निराळें आणि आपल्या सभागृहापासून लपविणें निराळें. अक्साई चीनचा रस्ता चीननेंच बांधला होता. मग तो चीनपासून काय लपवावयाचा होता? इंग्लंडमध्येंही असेंच घडलें. १९५६ च्या ऑक्टोबरांत पॅरिसजवळ सेव्हर येथें इंग्लंड, फ्रान्स व इस्रायल यांनीं इजिप्तवर चढाई करण्याचा गुप्त बेत केला. त्याचा लेखी पुरावा मागें राहूं नये म्हणून पंतप्रधान ईडन यांनीं खटपट केली, आणि २० डिसेंबर रोजीं कॉमन्स सभेंत आपणांस पूर्वकल्पना नव्हती असें सांगितलें. इस्रायलकडील प्रत शिल्लक राहिली, म्हणून खरें काय तें जगास कळलें. गुप्ततेचें पांघरूण राष्ट्राच्या हितापेक्षां मंत्र्याच्या अब्रूवरच पुष्कळदां घातलेलें असतें.

इंग्रजांनीं १९७९ सालीं प्रत्येक मोठ्या खात्यावर कॉमन्स सभेची एकेक समिती नेमली. परराष्ट्र समितीपुढें खुद्द परराष्ट्रमंत्री येऊन बसतो, बहुधा उघड बैठकींत, आणि उत्तरें देतो. २०११ सालीं लिबियांत केलेल्या हस्तक्षेपाची या समितीनें चौकशी केली व २०१६ सालीं कडक अहवाल दिला : नागरिकांवरील संकट फुगवून पाहिलें गेलें, आणि पुढें काय करावयाचें याचा विचारच झाला नव्हता. समितीचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा होता, आणि हस्तक्षेप करणारा पंतप्रधानही त्याच पक्षाचा. अर्थात् पांच वर्षांनीं आलेल्या अहवालानें लिबियांतील मेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. तरी पुढल्या मंत्र्याच्या टेबलावर तो राहिला.

आपल्याकडे १९९३ सालीं खातेवार स्थायी समित्या निर्माण झाल्या. परराष्ट्र व्यवहार समितींत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सभासद असतात. ती वार्षिक मागण्या तपासते व अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते. तिचें काम टाकाऊ नाहीं. डोकलामच्या पेचप्रसंगानंतर श्री. शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालीं २०१८ सालीं तिनें चीनविषयीं दिलेला अहवाल कॉलेजांत शिकवावा इतका चांगला आहे. आपल्या परराष्ट्र सेवेंत अधिकारी किती थोडे, ह्या खंडप्राय देशाचा कारभार साऱ्या जगांत सुमारे एक हजार लोकांवर कसा चालतो, हेंही ती वारंवार निदर्शनास आणीत आली आहे. पण तिचे हात आंखडलेले आहेत. बैठका बंद दाराआड होतात. मंत्र्यास साक्षीस बोलावितां येत नाहीं. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहींत. समितीची मुदत नियमांनीं एका वर्षाची केली, त्यामुळें सभासदास विषयाची ओळख होते न होते तोंच त्याची बदली होण्याचा संभव असतो. शाळेंत दरवर्षीं सातवी शिकविणारा मास्तर बदलला तर मुलांचें काय होईल, हें पालकांनींच सांगावें.

तहांची गोष्ट याहून विचित्र आहे. राज्यघटनेच्या २५३ व्या कलमानें तह अंमलांत आणण्यासाठीं कायदा करण्याचा अधिकार संसदेस आहे. परंतु तह करावयाचा कीं नाहीं, हें तिला विचारलेंच पाहिजे असा कायदा नाहीं. देशाची भूमि द्यावयाची झाल्यास मात्र घटनादुरुस्ति लागते, हें बेरुबारीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं स्पष्ट केलें. म्हणजे कांहीं एकर जमिनीसाठीं संसद हवी, आणि १९९४ सालीं माराकेश येथें ज्या करारावर सही झाली व ज्यानें आपल्या शेतमालाच्या व्यापारास नवे नियम लागू केले, त्यासाठीं तिची पूर्वसंमति नको ! इंग्लंडांत १९२४ पासून रूढीनें, आणि २०१० पासून कायद्यानें, तह पक्का होण्यापूर्वीं सभागृहाच्या २१ बैठकी होईपर्यंत पार्लमेंटपुढें ठेवावा लागतो. एवढी तरी सोय आपल्याकडे झाली पाहिजे. तसेंच समितीची मुदत लोकसभेच्या मुदतीइतकी असावी, आणि मंत्र्यानें वर्षांतून निदान दोनदां तिच्यापुढें बसावें. गुप्त तें बंद दाराआड सांगावें, पण सांगावें.

सभासदांसही दोन शब्द ऐकवणें भाग आहे. सभागृहांत आरडाओरड केल्यानें दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत नांव येतें. समितींत चार तास कागद वाचल्यानें येत नाहीं. त्यामुळें खुर्च्या रिकाम्या राहतात. मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास आपण रस्त्याबद्दल व नळाबद्दल विचारतों. आपण कोणत्या समितीवर होतां व किती बैठकींस हजर होतां, हें आजवर किती पालकांनीं विचारलें असेल ? समितीचे अहवाल गुप्त नसतात. ते सभागृहापुढें ठेवले जातात, छापले जातात आणि कोणासही वाचावयास मिळतात. त्यांवर आपण काय केलें, हें सरकारला साधारणत: तीन महिन्यांत कळवावें लागतें, आणि तें उत्तरही प्रसिद्ध होतें. वरच्या वर्गांतील मुलांनीं नागरिकशास्त्राच्या तासाला एक अहवाल व त्यावरील सरकारचें उत्तर शेजारीं शेजारीं ठेवून वाचावें, आणि कोणत्या शिफारशीस सरळ उत्तर मिळालें व कोणतीस नुसती ‘नोंद घेतली’ असें म्हणून बाजूस सारलें, तें आपल्या वहींत मांडून काढावें.